हरकाम्याचा जर-तरचा कारभार

दादाची लेक सुट्टीला घरी आली तेव्हा दुकानातला कॉम्प्युटर उलटा होता. म्हणजे कुठलंतरी भलतंच बटण दाबलं जाऊन पडद्यावरचं चित्र उलटं झालं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून दादाने पडदाच उलटा करून, खाली दोऱ्याची रिळं लावून, टेबलावर उभा केला होता. आत्या त्याच्यासमोर बसून कामही करत होती.

"हे असं कधीपासून आहे?" लेकीने विचारलं.

"व्यवस्थित चाललंय," दादा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाला. "फक्त चालू करायचं बटण आता वर गेलंय."

"उलट बरंच झालं," आत्या म्हणाली. "वाकावं लागत नाही."

दुकान वेशभूषेचं होतं. नाटकवाले, शाळा, क्लब, हौशी मंडळी यांना कपडे भाड्याने द्यायचे आणि ते परत येतील याची काळजी करायची, हा धंदा. खाली काउंटर, माणसाच्या उंचीचा आरसा आणि दादाचं मशीन. वर माळ्यावर राजे, राक्षस, पऱ्या, शिपाई, वाघ आणि एक अस्वल, सगळे हँगरला लटकलेले आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात मुरलेले. या वासाने वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, शिंका येत, म्हणून ती दुकानात पाऊल टाकत नसे. शिवणकाम दादाकडे, बाकीचं सगळं त्याच्या धाकट्या बहिणीकडे. ती खरं तर एकाच मुलीची आत्या, दादाच्या लेकीची. पण लेक लहानपणी दुकानातच वाढली, दिवसभर "आत्या, आत्या" करत हिंडायची, तेव्हापासून गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणायला लागली. तिच्याहून वयाने मोठी असलेलीसुद्धा.

आत्या आयुष्यात कुणाला भ्यायली नव्हती, पण कॉम्प्युटरसमोर तिची बोबडी वळायची. पूर्वी माणसं फोन करायची, आता संदेश पाठवायची, आणि संदेश उघडायला गेलं की तो कुठेतरी गडप व्हायचा. एकदा एका शाळेने मागितलेले सात बुटके असे गडप झाले ते थेट स्नेहसंमेलन उरकल्यावर सापडले.

लेकीचं कामच मुळी असल्या लोकांसाठी होतं. तिच्या कंपनीत, ज्यांना कॉम्प्युटर येत नाही त्यांना हाताला धरून चालवणारे प्रोग्रॅम बनवत. "असले लोक" म्हणजे कोण, हे तिने आत्याला कधी सांगितलं नव्हतं. आता तिने पडदा सरळ केला, रिळं बापाच्या हवाली केली आणि सुट्टी संपायच्या आत पडद्याच्या कोपऱ्यात टोपी घातलेला, गोल चेहऱ्याचा एक माणूस आणून बसवला.

"हा तुझा मदतनीस. नाव तू ठेव."

नव्याने कामाला लागलेल्या माणसाकडे बघावं तसं आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खाली तो छातीपाशीच संपत होता. "काय काय येतं याला?"

"शिकवशील ते."

"मग हरकाम्या."

"एक मात्र लक्षात ठेव, आत्या. हा विचार करत नाही. याला फक्त नियम आहेत. अमुक झालं तर तमुक कर, असं तू साध्या वाक्यात लिहायचंस आणि हे 'शिकवा' दाबायचं. सांगशील तेवढंच करेल, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही."

"म्हणजे तुझ्या बाबांच्या बरोबर उलट."

मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

काही नियम लेकीनेच घालून दिले होते. मागणी आली की हँगरवर काय आहे ते बघायचं, उत्तर पाठवायचं, खोक्यावर लावायची चिठ्ठी छापायची, पोचवणाऱ्या गाडीला कळवायचं. एकच बटण सारखं सारखं दाबलं गेलं तर वापरणारा गोंधळलाय असं समजून "आपलं काही अडलं आहे का?" असं विचारायचं. हा "आपलं" ऐकून आत्या सुरुवातीला त्याच्याशी अहो-जाहो करत असे. मग एका दुपारी तिचा कोपर बटणांवर टेकवून डोळा लागला आणि जाग आली तेव्हा पडदाभर एकाखाली एक तोच प्रश्न उभा होता. तिने पदराने डोळे पुसले, सावकाश टाइप केलं, "जेवणानंतर मी गप्प असले तर काही अडलेलं नसतं, विचारू नकोस", आणि "शिकवा" दाबलं.

"समजलं. आभारी आहे," हरकाम्याने लिहिलं.

त्या दिवसापासून ती त्याला अरे-तुरे करू लागली, आणि तिला शिकवायची चटकच लागली. कुणी परीचे पंख मागितले तर आधी विचार, मूल धडपडं आहे का. कुणी दाढी मागितली तर विचार, गोंदाने पुरळ उठतं का. शाळेला वाघ जाणार असेल तर शेपटी ओढू नये असं आधीच कळव. हरकाम्या एकदाही "हो हो, करतो" म्हणून विसरला नाही. इतक्या वर्षांत आपलं म्हणणं शब्दशः ऐकणारा माणूस आत्याला प्रथमच भेटत होता, मग तो छातीपाशी संपेना का.

खटका उडाला तो दाढ्यांवरून. नाटकवाले दाढ्या परत करत नसत. आत्याने नियम घातला, वस्तू वेळेत आली नाही तर रोज सकाळी आठवण कर आणि रोज आवाज थोडा चढव.

"आवाज चढवणे म्हणजे काय करावे?" हरकाम्याने विचारलं.

आत्याने समजावलं. "पहिल्या दिवशी 'कृपया' लिही. दुसऱ्या दिवशी 'कृपया' काढून टाक. तिसऱ्या दिवशी नावापुढचं 'साहेब' काढ. तरीही नाहीच आली तर त्यांच्या आईला कळव."

"आईची माहिती माझ्याकडे नाही."

"मग नुसतं लिही की कळवतो."

आठवड्याभरात एक दाढीवाला नट दुकानात येऊन दादासमोर स्टुलावर बसला. त्याचा चेहरा असा पडला होता की दादाला सुई ओवता येईना. तो गेल्यावर दादा म्हणाला, "कलावंताला असं लिहितात का? त्याची आई आजारी असते."

"दाढी घेऊन गेलाय तो, दादा."

"आणेल की. एखाद्याचा जीव रमतो दाढीत."

एरवी इथून दोघांचं भांडण रंगलं असतं. गेली कित्येक वर्षं ती दोघं गुंड्यांवरून, जरीवरून, पंखा किती जोरात असावा यावरून, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी भांडत आली होती आणि संध्याकाळी एकाच छत्रीतून घरी जात होती. पण या वेळी दादा गप्प बसला. आत्या जरीचं सामान आणायला बाहेर पडल्यावर तो उठला, कॉम्प्युटरसमोर बसला आणि एका बोटाने, अक्षर अक्षर हुडकत, त्याने लिहिलं, "नाटकवाल्यांना आठवण करू नकोस. ते आणतील."

सकाळी हरकाम्याने आत्याला सांगितलं, "दोन नियम एकमेकांच्या आड येत आहेत. अशा वेळी ज्यात अटी जास्त, तो नियम मी पाळतो. सबब नाटकवाल्यांना आठवण केलेली नाही."

आत्याने मागे वळून पाहिलं. दादा सुई उजेडाकडे धरून, जगाशी आपलं काही देणंघेणं नाही अशा चेहऱ्याने दोरा ओवत होता. तिला तोंड उघडता आलं असतं. पण तिने पदर खोचला आणि टाइप केलं, "नाटकवाले असतील आणि वस्तू दाढी असेल, तर आठवण कर."

दुसऱ्या दिवशी दादाचा नियम आला. नाटकवाले असतील, वस्तू दाढी असेल आणि नाटक पडलं असेल, तर माणसं दुःखात असतात, थांब.

आत्याने लिहिलं, नाटकवाले असतील, वस्तू दाढी असेल, नाटक पडलं असेल आणि ते पडायच्याच लायकीचं असेल, तर थांबू नकोस.

"लायकी कशी ओळखावी?" हरकाम्याने विचारलं.

"दुसऱ्या अंकात निम्मी माणसं उठून गेली असतील तर."

यावर दादाने घातलेली अट अशी होती की उठून गेलेल्यांपैकी बरेचजण नटाचे नातेवाईक असतील, तर मात्र त्याला सांभाळून घे.

असं करता करता एकेक नियम मारुतीच्या शेपटीसारखा लांबत गेला. दुकानात इतकी शांतता झाली की गिऱ्हाईक आत येऊन "कुणी आहे का?" विचारू लागलं. दोघं होती, पण जे बोलायचं ते हरकाम्याला सांगत आणि हरकाम्या दुसऱ्याला सांगे. दादाने नियम केला, चार वाजले आणि ती माळ्यावर असेल तर कळव की चहा झाकून ठेवलाय. आत्याने नियम केला, चहात साखर असेल तर सांग की मी पीत नाही. "साखरेची माहिती माझ्याकडे नाही," हरकाम्या म्हणाला, आणि चहा निवून गेला. दादाने तो संध्याकाळी मोरीत ओतला. आत्याने ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. छत्र्यासुद्धा आता दोन झाल्या होत्या.

अशात जजसाहेबांची मागणी आली. जजसाहेब म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले न्यायाधीश. उंचेपुरे, रुंद, दारातून शिरताना आपोआप तिरके होणारे. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी एक हौशी मंडळ काढलं होतं आणि स्वतःच एक शोकांतिका लिहिली होती, राज्य गमावलेल्या एका राजाची. डॉक्टर स्वतःच दिग्दर्शक आणि प्रधान, आणि राजा म्हणून त्यांनी जजसाहेबांना गळ घातली होती. जजसाहेबांनी आपली मापं एखाद्या निकालपत्रासारखी मुद्देसूद लिहून पाठवली, पोशाख वेळेवर पोचावा अशी विनंती केली आणि खाली सही केली.

दुकानात त्या मापाचा राजाचा एकच अंगरखा होता, आणि त्याचं अस्तर कसरीने खाल्लं म्हणून तो दादाकडे दुरुस्तीला पडला होता. दुरुस्तीतली वस्तू कुणालाही द्यायची नाही, हा आत्याचा कडक नियम. हरकाम्याने तो पाळला. पण दादाचाही एक नियम होता. मागे एक लठ्ठ गृहस्थ "तुमच्या मापाचं नाही" हे ऐकून हिरमुसून गेले होते, तेव्हा दादाने लिहून ठेवलं होतं, "भारदस्त माणसाला मापाचं नाही असं कधी म्हणू नकोस. जे बसेल ते दे. वर दोन शब्द कौतुकाचे लिही." हरकाम्याने तोही पाळला. अख्ख्या माळ्यावर जजसाहेबांच्या छातीला बसेल अशी एकच वस्तू होती. त्याने जजसाहेबांना उत्तर पाठवलं, "आपल्या भारदस्त व्यक्तिमत्त्वाला शोभेल असा पोशाख पाठवत आहोत," आणि खोक्यासाठी चिठ्ठी छापली.

आत्याने चिठ्ठी हातात घेतली. "अस्वल, संपूर्ण, डोक्यासह. राजाच्या भूमिकेसाठी."

तिने ती पुन्हा वाचली. मग दादाकडे पाहिलं. तो आरामात तुरपाई करत होता. हे नक्की याचंच काहीतरी खूळ, तिच्या मनात आलं. विचारायचं म्हटलं तर आधी बोलावं लागेल, आणि आधी तिनेच का बोलायचं? आजवर प्रत्येक वेळी तीच बोलत आली होती. तिने तोंड घट्ट मिटून माळ्यावरून अस्वल उतरवलं आणि खोक्यात घातलं.

थोड्या वेळाने दादा खोक्यापाशी आला. त्यानेही चिठ्ठी वाचली, भुवया उंचावल्या आणि बहिणीच्या पाठीकडे पाहिलं. हिने काहीतरी ठरवलेलं दिसतंय. विचारलं तर म्हणेल, तुला नाटकातलं काय कळतं.  अस्वलाच्या मानेवरची लव एका बाजूला दबली होती, ती त्याने ब्रशने नीट केली आणि झाकण लावलं. गाडी आली आणि खोकं घेऊन गेली.

नाटकाच्या दिवशी दुपारी दादाने अंगरख्याच्या अस्तराला शेवटचा टाका घातला, अंगरखा आरशासमोर टांगला आणि मागे सरकून बघत उभा राहिला. लाल मखमल, सोनेरी काठ, खांदे कसे तट्ट बसलेले. आत्या जिन्यावरून खाली येता येता थांबली.

"हा इथे कसा?" इतक्या दिवसांत तिचं ते पहिलं वाक्य होतं.

"आत्ताच झाला."

"मग जजसाहेबांनी काय घातलंय?"

"तू पाठवलंस ते."

"मी कुठे पाठवलं? तू पाठवलंस."

"मी? मी नुसता ब्रश फिरवला."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग एकदमच कॉम्प्युटरकडे वळली. आत्या खुर्चीत बसली. दादा तिच्या खांद्यामागे वाकला. तिने टाइप केलं, "राजाला अस्वल का पाठवलंस?"

"दुरुस्तीतली वस्तू देऊ नये, हा आपला नियम. भारदस्त माणसाला नाही म्हणू नये, हा दादांचा नियम. दोन्ही पाळले," हरकाम्या म्हणाला. "काल जजसाहेबांचा निरोप आला होता. 'पोशाख पोचला. हाच घालायचा ना?' मी 'निश्चिंत असा, हाच' असं कळवलं."

"असं का कळवलंस?"

"दादांचा नियम आहे. कुणी कचरत असेल तर त्याला धीर द्यावा."

आत्याने सावकाश मान वळवून भावाकडे पाहिलं.

"हा नियम तसा वाईट नाही," दादा म्हणाला.

दोघं अंगरखा घेऊन दादाच्या जुन्या गाडीत बसली. आत्याच्या मांडीवर मखमलीचा एवढा ढीग की तिला समोरचं दिसत नव्हतं, तरी ती बोलत होती. महिनाभर साठलेलं सगळं बाहेर पडलं. दादाही गप्प बसला नाही. दाढ्या झाल्या, चहा झाला, साखर झाली. कोण कुणाला विचारत नाही यावरून दोघं अशी जुंपली की थिएटरचं वळण मागे राहिलं आणि दादाला पुलापर्यंत जाऊन परत यावं लागलं.

"तुला अस्वल दिसलं नाही खोक्यात?" आत्या म्हणाली.

"दिसलं. तूच भरत होतीस."

"मग विचारता येत नव्हतं?"

"तुला येत होतं?"

यावर आत्याने अंगरख्याची घडी उगाचच नीट केली.

ती पोचली तेव्हा पडदा वर गेलेला होता. दोघं मागच्या दाराने शिरून विंगेत उभी राहिली. रंगमंचाच्या मधोमध सिंहासन होतं आणि त्यावर, डोक्यावर मुकुट ठेवलेलं, एक भलंमोठं तपकिरी अस्वल हातावर हनुवटी टेकवून बसलं होतं. जजसाहेब पोशाख घरूनच चढवून आले होते, कारण तो एकट्याने चढत नव्हता आणि बायकोची मदत लागली. गाडीतून उतरून ते सरळ सिंहासनावर जाऊन बसले होते. दिग्दर्शकाने काही नवा अर्थ लावलाय अशी त्यांची समजूत होती, आणि आपल्याला नव्या नाटकातलं कळत नाही हे कुणाला कळू द्यायची त्यांची तयारी नव्हती. डॉक्टरांना हा राजा पहिल्यांदा दिसला तो पडदा वर गेल्यावर, साऱ्या प्रेक्षकांबरोबर.

डॉक्टर प्रधानाच्या वेशात पांढरेफटक उभे होते. त्यांचं पहिलं वाक्य येऊन उभं होतं आणि ते टाळायची सोय नव्हती, कारण ते त्यांनीच लिहिलं होतं.

"महाराज," ते कसेबसे म्हणाले, "आज आपल्या मुखावर चिंतेची छटा दिसते."

पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्स केलं.

"प्रधानजी," अस्वलाच्या आतून कोर्टातला भरदार आवाज आला, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. या राज्याचा भार आता या खांद्यांना पेलवत नाही." आणि लव टोचत असल्यामुळे त्याने पंजाने खांदा खराखरा खाजवला.

थिएटर हसून आडवं झालं.

मग जे वाक्य यावं ते आधीच्यापेक्षा वरचढ. राणीने "स्वामी, हेच ते मऊ हात, ज्यांनी मला या महालात आणलं" असं म्हणून पंजा हातात घेतला, तेव्हा मागच्या रांगेतला एक माणूस खुर्चीवरून घसरला. शत्रूच्या दूताने "तुमच्या राजात आता पूर्वीचा जोर उरला नाही" असं बजावलं आणि नाटकात लिहिल्याप्रमाणे राजा संतापून उठला. अस्वल सरळ उभं राहिल्यावर केवढं होतं हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, दूताच्या तर मुळीच नाही. तो पुढचं वाक्य विसरला आणि अगदी मनापासून मागे सरकत विंगेत दादाच्या अंगावर येऊन आदळला.

"जाऊ नका, ते जज आहेत," दादाने त्याला कुजबुजत धीर दिला आणि परत ढकललं.

डॉक्टर सुरुवातीला प्रत्येक हशाला दात उपटल्यासारखे कळवळत होते. पण आत्याच्या लक्षात आलं की पहिला अंक संपत आला तसे ते वाक्य म्हणून थांबू लागले होते. हशा ओसरू देत, आणि मगच पुढचं बोलत.

मध्यंतरात आत्या अंगरखा घेऊन जजसाहेबांच्या खोलीत गेली. दादा तिच्या मागे अंग चोरून उभा राहिला. जजसाहेबांनी अस्वलाचं डोकं काढून मांडीवर घेतलं होतं. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले.

"जजसाहेब, मोठी चूक झाली आमच्याकडून," आत्या म्हणाली. "हा घ्या तुमचा खरा पोशाख. काय म्हणायचं ते आम्हाला म्हणा."

"म्हणजे हे चुकून आलं?"

"हो."

जजसाहेबांनी अंगरख्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या डोक्याकडे. "दिग्दर्शकाचा काही हेतू नव्हता यात?"

दारात येऊन उभे राहिलेले डॉक्टर म्हणाले, "अजिबात नव्हता."

"मी आयुष्यभर ज्या खोलीत शिरलो," जजसाहेब हळूच म्हणाले, "तिथली माणसं उठून उभी राहिली आणि गप्प झाली. घरीसुद्धा मी आलो की नातवंडं टीव्ही बंद करतात. मला बघून कुणी हसलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं." त्यांनी डोकं पुन्हा उचललं. "आत्या, हे मागून जरा घट्ट बसवून द्याल का? खाली सरकतं."

"पण शेवटी राजा मरतो," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले.

"मग अस्वल मरेल," जजसाहेब म्हणाले. या निकालावर अपील नव्हतं.

अस्वल मेलं, आणि तेही फार छान मेलं. राणीच्या मांडीवर डोकं ठेवून, आता माझ्या प्रजेला कोण विचारील असं म्हणत, पंजा हळूहळू खाली सोडत. लोक आधी हसले. मग हसू विरत गेलं, आणि कुणाच्या काही लक्षात यायच्या आत सगळं थिएटर चिडीचूप झालं. एवढं मोठं जनावर असं मुकाट पडलेलं बघून एका लहान मुलीने हुंदका दिला. विंगेत दादा खुशाल रडत होता आणि नाक पुसायला जे हाताला येईल ते ओढत होता.

"अंगरख्याला पुसू नकोस," आत्या म्हणाली. 

टाळ्या थांबेनात. पण जजसाहेब अभिवादन करून आत आले आणि त्यांचं डोकं निघेना. आत्याने इतकं घट्ट बसवलं होतं की मानेशी चेन अडकून बसली होती. दादाने खिशातून कात्री काढली.

"कापायचं नाही," आत्या म्हणाली. "माझं एकुलतं एक अस्वल आहे. मागची शिवण उसव."

"शिवण उसवली तर लव विस्कटते. चेनच कापतो, नवी बसवीन."

"तशी चेन आता मिळत नाही."

"मिळते. तुला दुकान माहीत नाही."

"मला माहीत नाही? त्या चेनसाठी सगळा बाजार मी पालथा घातलाय, दादा. तू घातलास?"

जजसाहेब मधे स्टुलावर बसून, गुडघ्यांवर पंजे ठेवून, दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेत होते. दोघांचं म्हणणं मांडून झालं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तेव्हा अस्वलाच्या आतून आवाज आला, "शिवण उसवा. आत फार उकडतंय."

रविवारी लेकीने तिच्या घरून, फोन कानाला लावून, दुकानातल्या हरकाम्याचे नियम उघडून पाहिले. 

"तुम्ही दोघांनी याचं काय करून ठेवलंय?" ती म्हणाली. "इथे एक नियम आहे, तो एका माणसाच्या एका दाढीबद्दल आहे. त्यात त्याच्या मावसभावाचाही उल्लेख आहे."

"तो तुझ्या बाबांचा," आत्या म्हणाली.

"मावसभाऊ आत्याने घातला," दादा म्हणाला.

लेकीने हात टेकले. सगळं पुसून टाकू का, असं तिने विचारलं, तर दोघं एका सुरात नको म्हणाली. मग तिने एकच बदल केला. यापुढे एकाचा नियम दुसऱ्याच्या आड आला तर हरकाम्याने अटी मोजत बसायचं नाही. दोघांना कॉम्प्युटरपाशी बोलवायचं, आणि दोघं हो म्हणेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं.

"म्हणजे दर वेळी आम्ही बोलायचं?" दादाने विचारलं.

"हो, बाबा."

"मग याचा उपयोग काय?" आत्या म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर दुकानात आले. त्यांनी नवी शोकांतिका लिहायला घेतली होती आणि या वेळी अस्वल त्यांनी जाणूनबुजून घातलं होतं. त्यांचं एकच म्हणणं होतं, अस्वलाचा चेहरा जरा दुःखी करता आला तर बरं. हरकाम्याने दोघांना बोलावलं, कारण कपड्यांत फेरफार करायचा नाही हा आत्याचा नियम होता, आणि गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही हा दादाचा.

"अस्वलाचा चेहरा दुःखी होत नाही," दादा म्हणाला. "अस्वल ते अस्वलच दिसणार."

"भुवया लावल्या की होतो," आत्या आपलाच नियम विसरून म्हणाली.

"अस्वलाला भुवया नसतात."

"मुकुट तरी कुठे असतो?" आत्या म्हणाली आणि माळ्यावरून अस्वलाचं डोकं आणायला गेली. दादा काळ्या लोकरीचे तुकडे शोधू लागला, अर्थात भुवया वाईटच दिसतील हे सिद्ध करण्यापुरते. डॉक्टर थोडा वेळ उभे राहिले. मग आवाज वाढत चाललाय असं बघून त्यांनी स्टूल ओढलं, दवाखान्यात फोन करून पहिल्या रोग्याला जरा थांबायला सांगितलं, आणि बसले.